औषध चालू, तरी रात्री खाज का सुटते?

अंधारात खाजवण्याचा आवाज ओळखू येतो. पंख्याच्या घरघरीतूनही कळतो. कोरड्या कातडीवर नखं फिरतात, खर्र खर्र, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू. माझी लेक आता सात वर्षांची आहे. पाच महिन्यांची असल्यापासून तिला एक्झिमा आहे, आमच्या सासूबाई ज्याला इसब म्हणतात तो. जवळजवळ तीन वर्षं मी रात्री दीड-दोनला याच आवाजाने जागी होत होते. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके, नखांत खपल्या, आणि शाळेतून बाईंची चिठ्ठी, की ही वर्गात पेंगते.

औषध नव्हतं असं नाही. मलम होतं, सिरप होतं, महागडं लोशनही होतं. आठ दिवस बरे जायचे की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कुठे चुकतंय ते एकदम कळलं नाही, एकेक गोष्ट तपासत कळलं. ओळखीच्या आयांशी बोलल्यावर लक्षात आलं की बहुतेकींच्या घरी त्याच तीन-चार जागी गाडी अडते. मी डॉक्टर नाही. कुठलं मलम, किती ताकदीचं, किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं. त्यांच्या चिठ्ठीवर न मावणारं तेवढं इथे लिहिते.

आधी बघा, ही खाज एक्झिमाचीच ना?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावाकडे लग्न होतं. वीस-पंचवीस जण एकाच हॉलमध्ये, त्याच सतरंज्या, तीच पांघरुणं. जूनच्या अखेरीस लेकीची रात्रीची खाज दुप्पट झाली. एक्झिमा बळावला असं समजून आम्ही तीन आठवडे मलम चोळत बसलो. मग एका रात्री नवराही मनगट खाजवताना दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. ती खरूज होती.

खरूजसुद्धा रात्रीच जास्त खाजते, म्हणून घोटाळा होतो. पहिल्यांदाच होत असेल तर किडा अंगावर आल्यापासून खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे लग्नाचा आणि खाजेचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. एक्झिमा लहान मुलांत साधारण कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणीत, मानेला, मनगट-घोट्याला दिसतो. खरजेचे फोड बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती, काखेत, कमरेला, जांघेत बघा. घरात दुसरं कुणी खाजवतंय का, हा सगळ्यात कामाचा प्रश्न. खरूज निघाली तर परमेथ्रिनचं ५ टक्के मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, खाज नसलेल्यांनीसुद्धा, आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, "मला कुठं काय झालंय?" त्यांना हातापाया पडून लावलं. किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

दुसरा घोटाळा गजकर्णाचा. त्यावर मेडिकलमधून आणलेल्या 'थ्री इन वन' मलमात स्टेरॉइड असतं. त्याने चट्टा आधी फिका पडतो, मग पसरतो, आणि त्याचं रूप असं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. चिठ्ठीशिवाय आणलेलं असं काही आजवर लावलं असेल तर ती ट्यूबच डॉक्टरांना नेऊन दाखवा, लाजू नका.

सिरपने झोपते, पण सकाळी आणखी चिडचिडी

आमची पहिली दोन वर्षं यातच गेली. खाज म्हणजे ॲलर्जी, ॲलर्जी म्हणजे शरीरातलं हिस्टामिन नावाचं रसायन, आणि हिस्टामिनवर सिरप, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, तेव्हा ते बरोबरही असतं. एक्झिमाच्या खाजेत मात्र हिस्टामिनचा वाटा थोडा असतो. तिथे कातडीतल्या पेशी इंटरल्यूकिन ४, १३, ३१ असे वेगळेच निरोप थेट मज्जातंतूंना धाडत असतात. म्हणून झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळीने या खाजेला फारसा फरक पडत नाही. झोप आणणारं जुन्या पद्धतीचं सिरप मुलाला गुंगी आणतं, खाज तिथेच राहते. गुंगीतली झोप नीट भरत नाही आणि सकाळी डोकं जड. बाईंच्या चिठ्ठीतलं पेंगणं निम्मं खाजेचं होतं, निम्मं सिरपचं.

फार बळावलं असताना डॉक्टर चार-पाच रात्रींसाठी देतात, त्याला माझा विरोध नाही. पण महिनोन्‌महिने रोज रात्री एक चमचा चालू असेल, तर पुढच्या भेटीत 'हे अजून कशासाठी?' एवढं विचारा. मेलाटोनिन या झोपेच्या हार्मोनबद्दलही हल्ली विचारलं जातं. तैवानमध्ये एक्झिमाच्या ४८ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत ३ मिलिग्रॅम मेलाटोनिनने मुलांना सरासरी २१ मिनिटं लवकर झोप लागली. चाचणी छोटी आहे. मेडिकलमधून आपणच आणून द्यायची ही गोष्ट नव्हे.

ट्यूब किती दिवस पुरते?

आमचं कोडं सुटलं ते इथे. नव्या डॉक्टरीणबाईंनी लेकीकडे बघायच्या आधी मला विचारलं, "ही १५ ग्रॅमची ट्यूब कधी आणली होती?" मी अभिमानाने सांगितलं, चार महिने झाले, अजून आहे. मी जपून वापरत होते ना! त्या हसल्या आणि माझ्याच तर्जनीवर मलमाची रेघ काढली, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. ही रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळवे, बोटांसकट, टेकवले की जेवढी कातडी झाकली जाते, तेवढ्याला ही एक रेघ लागते.

घरी येऊन मोजलं. तिच्या दोन्ही कोपरांच्या खोबण्या, गुडघ्यांमागचा भाग आणि मान मिळून माझे चार तळवे. म्हणजे दोन रेघा, एक ग्रॅम. रोज एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरवड्यात संपायला हवी. आमची चार महिने चालली होती. मी मसुराएवढं मलम घेऊन ते चोळून चोळून नाहीसं करत होते आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलत होते.

यामागे भीती असते, स्टेरॉइड या शब्दाची. ती निराधार नाही. जोरकस स्टेरॉइड चेहऱ्यावर, जांघेत, महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात. इतकी माणसं मनानेच ही मलमं लावून चेहरे बिघडवून बसली की देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्यासाठी वेगळा कृतिगट काढावा लागला. पण लहान मुलाला सौम्य किंवा मध्यम ताकदीचं मलम ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस, पुरेशा मापाने लावणं ही वेगळी गोष्ट आहे. माझ्यासारखं कमी मलम चार महिने लावत राहण्यापेक्षा पुरेसं मलम आठवडाभर लावलं तर एकूण स्टेरॉइड कमीच जातं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

बरं होतं, आणि दहा दिवसांत परत

लाली गेली की आम्ही मलम बंद करायचो. पण वरून कातडी गोरीगोमटी दिसली तरी आत दाह धुमसत असतो, चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा. बोट फिरवून बघा. डोळ्याला काही दिसत नाही, बोटाला मात्र खरखर लागते. खरखर आहे तोवर थांबायचं नाही, आणि तीही गेल्यावर मलम एकदम न सोडता दर वेळी जिथे उठतं त्याच जुन्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस लावत राहायचं. आमच्याकडे बुधवार आणि रविवार. ही पद्धत डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. कुठे स्टेरॉइड, कुठे टॅक्रोलिमस, हे ते जागा बघून ठरवतात. टॅक्रोलिमसमध्ये स्टेरॉइड नाही, चेहरा-मानेला ते बरं पडतं, पण पहिले काही दिवस चांगलंच चुरचुरतं. ते आधी माहीत नसलं की लोक तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतात. आमच्याकडे तर पहिल्याच दिवशी फेकायची वेळ आली होती.

बुधवार-रविवार सुरू केल्यापासून तिची खाज दर दहा दिवसांनी परत यायची थांबली. वर्षातून तीन-चारदा येते, हिवाळ्यात आणि परीक्षेच्या सुमारास.

रात्र संध्याकाळी सातला सुरू होते

खाज रात्रीच का, याला कारणं आहेत. दाह आवरून धरणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन शरीरात सकाळी भरपूर असतं आणि रात्री तळाला जातं. झोप यायला शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं, म्हणून कातडी गरम होते. रात्री कातडीतून पाणीही जास्त उडतं. आणि मन रमवायला काही नसतं. एक्झिमाची कातडी मुळात माठासारखी झिरपते. काहींच्यात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी हा जनुकातला दोष एक्झिमाशी जोडून दाखवला. अशा माठात संध्याकाळी जे काही भराल, त्यावर रात्र काढायची असते.

आमच्या घरी आता साडेसातला अंघोळ. कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊन लागेल इतकं, पाच ते दहा मिनिटं. घासणी नाही, जंतुनाशकाचं झाकण बादलीत नाही, साबण लागलाच तर बिनवासाचा, सौम्य आणि काखा-जांघेपुरता. पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. औषधी मलम आणि मॉइश्चरायझर यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ देतो, आधी कुठलं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने.

मॉइश्चरायझरचंही मापच चुकत असतं. आठवड्याला पाव किलो लागतं, असं ऐकल्यावर मी दोनदा विचारलं होतं. महागड्या लोशनची शंभर मिलीची बाटली मग दोन-तीन दिवसांत संपते, आणि कुठलंही मध्यमवर्गीय घर ती पुरवून पुरवून वापरू लागतं. तिथेच सगळं फसतं. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम या चारींची तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला आणि चारींत फारसा फरक निघाला नाही. तेव्हा जे परवडतं, जे मूल लावू देतं, ते घ्या. हिवाळ्यात आम्ही डब्यातली साधी पेट्रोलियम जेली वापरतो, उन्हाळ्यात ती चिकट होते म्हणून क्रीम. तिथल्याच आणखी दोन चाचण्या माझे पैसे वाचवून गेल्या. अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलांनी उपचारात भर पडत नाही, हे २०१८ मध्ये दिसलं. पाणी मृदू करणाऱ्या यंत्राने एक्झिमा सुधारत नाही, हे २०११ मध्ये. आमचं बोअरचं पाणी असं जड की बादलीला पांढरा थर बसतो. यंत्राचं कोटेशनही आणून ठेवलं होतं.

जेली किंवा तेल कपड्यांत, चादरींत मुरतं आणि असं कापड फार चटकन पेटतं. साध्या धुण्याने ते पुरतं निघत नाही. दिवाळीत पणत्या, फुलबाज्या, देवघर, गॅस यांच्यापासून त्या कपड्यांतल्या मुलाला लांब ठेवा.

दिवाळीचा विषय निघालाच आहे तर उटण्याचं सांगते. सासूबाईंना नातीला अभ्यंगस्नान हवंच होतं आणि उटणं म्हणजे नागरमोथा, कचोरा, वास, आणि वर भरड पिठाचं घासणं. दोन वर्षं वाद झाले. तिसऱ्या वर्षी तह झाला. तेल त्यांनी लावायचं, साधं खोबरेल, बिनवासाचं, न चोळता. उटण्याचं एक बोट पायाच्या तळव्याला, शास्त्रापुरतं. खोबरेल तेलाला विरोध करायचं कारणही नव्हतं. फिलिपिन्समध्ये एक्झिमाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र नको, त्यांनी अशा कातडीचं नुकसानच होतं.

अंथरुणात

आम्ही सोलापूरचे. घरात सोलापुरी चादर नाही असं होत नाही, आणि आजीच्या मते ती अंगावर नसली तर मूल झोपलंच नाही. ती चादर जाड, तिचा उबारा मोठा, आणि घामाने तर एक्झिमा जागाच होतो. पांघरूण म्हणून आता जुन्या धुवट सुती साडीची दुपदरी गोधडी आहे. बारा धुण्यांनंतरची सुती साडी म्हणजे लोणी. लोकरी काही असेल तर ते सुती कापडावरून, थेट अंगाला नको. एप्रिल-मेमध्ये झोपण्याआधी तासभर खोलीत कूलर, मग पंखा. घाम आला की घामोळ्याची पावडर टाकू नका, ती कातडी आणखी कोरडी करते. ओल्या फडक्याने घाम टिपा आणि वरून पुन्हा क्रीम.

फार पेटलेल्या रात्रींसाठी डॉक्टरीणबाईंनी ओल्या कपड्यांची युक्ती शिकवली. मॉइश्चरायझर भरपूर थापायचं, वर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती कपडा, त्यावर कोरडा कपडा. आम्ही तिच्याच लेगिंगचे पाय कापून हातांना बाह्या केल्या. पहिल्या रात्री ती सलग सहा तास झोपली आणि मी मात्र सवयीने दोनला उठून बसले. हे विचारल्याशिवाय करू नका. कातडी पिकलेली, पाझरत असेल तर अजिबात नाही, आणि कपड्याखाली स्टेरॉइड त्यांनी सांगितलं असेल तरच.

आणि तरीही दोन वाजता उठलीच तर

"खाजवू नकोस" म्हणायचं नाही. मी हजारदा म्हटलं असेल. झोपेतलं बरंचसं खाजवणं हलक्या झोपेत होतं, मुलाला पत्ताही नसतो. त्याला ओरडून फक्त दोघं पूर्ण जागे होतात. आमच्या फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात चार ओले रुमाल असतात. थंड रुमाल जागेवर ठेवायचा, चोळायचा नाही. थंडाव्याचा निरोप खाजेच्या निरोपाला मागे सारतो. दिवा लावायचा नाही, मोबाइल तर नाहीच. रुमाल उचलून थोडं क्रीम, पाठीवर हात.

दिवसा आम्ही आणखी एक खेळ खेळतो. हात खाजेकडे गेला की मूठ आवळायची, तीस आकडे मोजायचे, मग खाजेच्या जागी नख नुसतं दाबून धरायचं, ओढायचं नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये मलमासोबत ही सवय-मोड वापरून बघितली होती आणि नुसत्या मलमापेक्षा खाजवणं जास्त कमी झालं होतं. आमची लेक आता झोपेतही कधीकधी मूठ आवळते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नखं दर रविवारी कापायची, कानशीने कडा घासायच्या. हातमोजे आम्हाला जमले नाहीत, ती ते दाताने ओढून काढायची.

हे सगळं महिनाभर मापात करूनही झोप लागत नसेल तर मलमाच्या पुढचे उपाय आहेत. प्रकाशोपचार, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं, आणि अमेरिकेत २०१७ मध्ये आधी प्रौढांसाठी मंजूर झालेलं, आता लहानांनाही दिलं जाणारं डुपिलुमॅब. हे इंजेक्शन त्याच इंटरल्यूकिन ४ आणि १३ चा निरोप अडवतं. किंमत ऐकून घाम फुटतो, पण विषय काढायला हरकत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र महिना काय, सकाळचीही वाट बघू नका. चट्ट्यांवर एकसारखे छोटे फोड आले, कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडावीत तसे खोल गोल व्रण झाले, खाजेऐवजी दुखू लागलं आणि ताप चढला, तर ती एक्झिमावर पसरलेली नागीणजातीची हर्पिसची लागण असू शकते. डोळ्यांजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो. त्याच रात्री दवाखाना. नुसत्या मधासारख्या पिवळ्या खपल्या आणि लस असेल, ताप नसेल, तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं, पण जाताना ट्यूब घेऊन जा. पहिला प्रश्न कोणता येणार ते आता तुम्हाला माहीत आहे.